पेल्यांचे डाग

आबा, तुम्ही गेलात त्या वयापेक्षा मी आता कितीतरी म्हातारी आहे. काल सकाळी बादली उचलताना कमरेत लचक भरली, तर नातसून मला हट्टाने डॉक्टरकडे घेऊन गेली. त्या पोरसवदा डॉक्टरने कंबर चोळून दिली, शेकली आणि म्हणाला, आजी, आमच्याकडे पाठीला पेले लावायचीही सोय आहे, पुढच्या खेपेला लावू या. मी नको म्हटलं. जरा मोठ्यानेच म्हटलं असावं, कारण बाहेर बसलेली माणसं आत डोकावली. नातसुनेला वाटलं, म्हातारी घाबरली. आज घरात कुणी नाही म्हणून हे लिहायला बसले आहे.

मी पायाळू, जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले, हे तुम्ही अंबरनाथच्या चाळीत सामान टेकवायच्या आत सगळ्यांना सांगून टाकलं होतं. पायाळूचा पाय लागला की कमरेतली उसण जाते, ही समजूत सगळीकडचीच. त्यामुळे एवढीशी असून माझा भाव भलताच वधारला. मुकादमाची बायको तर माझं नेहमीचं गिऱ्हाईक. ती पालथी पडायची, मी भिंतीला धरून तिच्या कमरेला तीनदा पाय लावायचे, आणि ती कण्हत उठून म्हणायची, "गेली बाई! पोरीच्या पायात देव हाय." मग शेंगदाण्याचा लाडू मिळायचा. सगळ्या चाळीला लागू पडणारा माझा पाय फक्त तुमच्या कमरेला लागू पडत नव्हता. घरच्यांना गुण येत नाही, अशी आई माझी समजूत घालायची. मला मात्र वाटायचं, मी नीट लावत नाही.

तुम्ही कारखान्यात पोती उतरवायचात. संध्याकाळी घरी आलात की दार लोटून घ्यायचात आणि मग कुठे कमरेवर हात ठेवायचात. आई चुलीवर तेलात लसूण आणि कापूर घालते आहे, निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करते आहे, तुम्ही गोधडीवर पालथे पडला आहात आणि मी कपड्यांच्या वलणीला धरून तुमच्या पाठीवर चालते आहे. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून गोधडीची कड तुम्ही दातात धरली आहे. कारण मुकादम भिंतीपलीकडेच राहायचा. दिवाळीला तुम्हाला कायम करायचं त्याने कबूल केलं होतं. कायम झालं की महिन्याचा पगार, आजारपणात दवाखाना आणि माझी पाचवीची शाळा. रोजावरच्या माणसाने एकदा कमरेवर हात ठेवला की मुकादम त्याला दुसऱ्या दिवशी फाटकातूनच परत पाठवायचा, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं.

मग एका रविवारी मला चपला घ्यायच्या म्हणून तुम्ही मला घेऊन निघालात. उल्हासनगर हे नाव तेव्हा नवं होतं, आपण सगळे कॅम्पच म्हणायचो. चपलांची दुकानं मागे टाकून तुम्ही बराकींच्या रांगेत शिरलात, तेव्हा माझ्या लक्षात आलं की चपला काही मिळत नाहीत. एका बराकीत, साडी आडवी बांधून केलेल्या खोलीत, एक पांढऱ्या दाढीचे सिंधी बाबा राहायचे. फाळणीआधी तिकडे सिंधमध्ये, त्यांच्या गावी, ते लोकांच्या पाठी-कमरा बऱ्या करायचे म्हणे. त्यांच्या बायकोने मला पापड दिला आणि पाणी दिलं. तुम्ही सदरा काढून पालथे झालात. बाबांनी आधी हाताच्या कोपराने तुमची कंबर रगडली, मग काचेच्या पेल्यात कापसाचा पेटता बोळा फिरवला आणि पेला पटकन पाठीवर पालथा घातला. तव्यावर भाकरी फुगते तसं तुमचं मांस पेल्यात वर आलं. मी पापड टाकून रडायलाच लागले. "रो मत बेटी, ठंडी हवा बैठी है, निकल जाएगी," ते म्हणाले. आणि आबा, उठल्यावर तुम्ही सरळ उभे राहिलात! येताना तुम्ही मला खांद्यावर घ्यायला निघालात, मीच नको म्हटलं. त्यानंतर दर रविवारी आपण चपला आणायला जात राहिलो. पेल्यांनी दोन-तीन दिवस बरं वाटायचं, आणि त्या दोन-तीन दिवसांच्या जोरावर तुम्ही आठवडा रेटायचात. खरं तर तेवढ्याचमुळे तुम्ही पोती उचलत राहिलात आणि कंबर आतून जात राहिली. पण हे तेव्हा कुणाला कळणार?

दिवाळी तोंडावर आली होती. कामावर सोड्याचं पोतं तुमच्या अंगावर फुटलं. आग व्हायला लागली तशी तुम्ही नळाखाली जाऊन सदरा ओढून काढलात आणि पाठीवरचे काळेनिळे गोल चार माणसांनी पाहिले. तुम्ही घरी पोचायच्या आत चाळीत बातमी पोचली होती. चट्टे. रगतपिती. महारोगाचं नाव निघालं की तेव्हा लोक माणसाला जिवंतपणीच घरातून उठवायचे. नळावर आईची घागर बाजूला सरकवली गेली. शेजारची पोरं माझ्याशी खेळेनात. आई कळवळून म्हणत होती, सांगून टाका हो, पेले आहेत म्हणून. तुम्ही म्हणालात, पेले कशासाठी, हा त्यांचा पुढचा प्रश्न असेल. थोडं सोस. आई सोसत राहिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुकादमाच्या बायकोच्या कमरेत लचक भरली. मला बोलावलं नव्हतं, तिचं कण्हणं ऐकून मी आपली सवयीने गेले. मी उंबऱ्यात पाय ठेवते तोच ती किंचाळली, "थांब तिथंच! आत नको येऊ! कोन हाय रे, हिला बाहेर काढा!" तिच्या दिराने खराटा आडवा धरून मला मागे लोटलं, हाताने नाही. कामावरून येताना तुम्ही ते पाहिलंत. नळावर बायकांची गर्दी होती, मुकादम ओट्यावर विडी ओढत बसला होता. तुम्ही अंगणाच्या मधोमध जाऊन सदरा काढलात.

"बघा," तुम्ही म्हणालात, "हात लावून बघा. रगतपिती नाय ही. माजी कंबर गेली हाय. दोन वरसं झाली. कॅम्पात पेले लावून घेतो, त्याचे डाग हायेत. माज्या पोरीला कोनी झाडूनं लोटायचं नाय." बोलताना तुम्ही मुकादमाकडे पाहत होतात. त्याने विडी विझवली आणि आत निघून गेला.

तो वाईट बोलला नाही, आबा. दुसऱ्या सकाळी फाटकात एवढंच म्हणाला की कंबर बरी होऊ दे, मग ये. त्याच दुपारी त्याच्या बायकोने मला बोलावणं पाठवलं. आईनेच मला ढकललं, जा, भांडण नको. मी तीनदा पाय लावला आणि तिची लचक गेली. लाडू मी गटारात टाकला. चार दिवसांनी आई तुमच्या पाठीला तेल लावत होती. दिवा जवळ धरून तिने पाहिलं आणि नुसतीच म्हणाली, "गेले की हो सगळे." पाठ कोरी होती.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. आपण जांभूळ गावी मामाच्या पडवीत राहायला गेलो, माझी शाळा चौथीला संपली, आई भाताच्या आवणीला जायला लागली आणि तुम्ही बाजेवर. तुमचे पाय बारीक होत गेले. शेवटच्या वर्षी तर मी पाठीवर पाय ठेवला तरी तुम्हाला कळत नव्हतं. सुटलात तेव्हा मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवते.

माझा मुलगा ही गोष्ट सगळ्यांना सांगतो, लेकीसाठी भर चाळीत पाठ उघडी करणाऱ्या आजोबांची. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात. मीही मान डोलावते. हा कागद मी त्याला दाखवणार नाही, त्याचा आजोबा त्याच्यापाशी तसाच राहू दे. पण मला तुमचा अभिमान कधी वाटला नाही, आबा. रागच आला. डाग जाईपर्यंत, आठवडाभराचाच तर प्रश्न होता. मला खराट्याने लोटलेलं चाललं असतं.