चपला विंगेत

मंगळवार, १४ तारीख

प्रिय मावशी,

इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा तिला जिना चढू देतो, उतरू देत नाही. त्यामुळे ती वर जाते आणि तिथूनच सगळ्यांना कामं सांगते. बाथरूमच्या छताची गळती प्लंबरने थांबवली. आता ती स्वयंपाकघरात सुरू झाली आहे.

पत्र पाहून हसशील. पण फोन केला की तू "इथे रेंज नाही गं" म्हणून ठेवून देतेस. मोबाइलचा टॉवर तुझ्या गच्चीवरून दिसतो. असो.

आधी कामाचं. परवा तू सिनेमाचं डबिंग अर्धवट टाकून गेलीस, त्यानंतरचं तुला कोणी सांगितलं नसेल. निर्माता म्हणाला, "बाईंचं पाठांतर गेलंय. वय झालं, मान्य करा की." दिग्दर्शक म्हणाला, "पण त्यांना सांगणार कोण?" "सांगायचं कशाला? दुसरा आवाज घ्या. चेहरा बाईंचा आहे, तेवढा पुरे." शुक्रवारी दुपारी एक मुलगी येणार आहे. नकला छान करते. काल येऊन तुझी करून दाखवली तेव्हा सगळे हसले. मी वायरी गुंडाळत होते.

जाताना तू म्हणालीस, हेडफोनमध्ये खरखर आहे. आवाजाचं काम माझं, म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हो, आहे. दुरुस्त करते." मावशी, खरखर नव्हती. माझ्या हेडफोनमध्ये खरखर नसते. कामाच्या जागी इतकं धडधडीत खोटं मी कधी बोलले नव्हते, आणि बरंच सफाईने बोलले. अभिनय घराण्यात आहे म्हणायचा.

नंतर मी शूटिंगच्या वेळचा मूळ आवाज काढून बसले. तू एकही शब्द विसरलेली नाहीस. एका दृश्यात तर तुझ्या नवऱ्याचं काम करणारा अडखळला, तर तू त्याचं वाक्य त्याला पुरवलंस. समोरच्याचं तोंड तुझ्याकडे असेल तेव्हा तुझं वाक्य ठरल्या जागी येतं. तो पाठमोरा झाला की उशिरा येतं. दर वेळी. डबिंगच्या खोलीत तर त्याचे ओठ पडद्यावरही नव्हते. त्या दृश्यात नुसती तूच दिसतेस.

हे पाहिल्यावर मला तुझं न्यायाधीशबाईंचं नाटक आठवलं. काळा कोट, नाकावर चष्मा आणि पाय अनवाणी. पेपरात कोणीतरी लिहिलं होतं, की रंगभूमीच्या आदरापोटी बाई हल्ली चपला विंगेत काढून ठेवतात. मलाही तसंच वाटलं होतं. त्या प्रयोगाला मी विंगेत स्टुलावर बसले होते, तुझ्या चपला माझ्याकडे होत्या. वकिलाचं काम करणारा चुकून भलत्याच बाजूने, तुझ्या मागून आत आला. नाटक तिथेच कोसळायचं. तू मान न वळवता म्हणालीस, "वकीलसाहेब, कोर्टाचा दरवाजा तिकडे आहे. चोरवाटेने कोण येतं, ते मला माहीत आहे." टाळ्या थांबेनात. त्याला घाम फुटला होता आणि तू निवांत चष्मा पुसत होतीस.

तो मागून आला हे तुला कसं कळलं, हे मला आत्ता कळलं. रंगमंच लाकडी आहे. पाऊल पडलं की फळी हलते. सिनेमाच्या सेटवर खाली फरशी होती.

तेव्हा लिहूनच टाकते. पाठांतर गेलेलं नाही. कान गेले आहेत, निदान बरेचसे. आईला मी काही सांगितलेलं नाही. ती आपली म्हणत असते, "तुझी मावशी लहानपणापासून तशीच. हाका मारून घसा बसला तरी ऐकायची नाही, आणि बिस्किटांचा डबा उघडला की तीन खोल्यांपलीकडून हजर." मी हसते.

आता तुला न आवडणारी गोष्ट. तुझा तो प्रसिद्ध पॉज, ज्याच्यावर अभिनयाच्या शिबिरांत व्याख्यानं होतात, तो तू समोरच्याचे ओठ वाचायला घेतेस की काय, अशी शंका मला आली. शंका आली की मी मोजूनमापून तपासते, उगाच नाही तू मला फूटपट्टी म्हणत. तुझ्या अगदी पहिल्या नाटकाची टेप मिळवली. तू एकोणीस वर्षांची, पडद्यामागची कुजबुजही ऐकू येण्याच्या वयाची. नवरा विचारतो, "जाणार आहेस?" आणि तू थांबतेस. नाट्यगृहात कोणी खोकत नाही. मग "नाही" म्हणतेस, आणि ही जाणार हे सगळ्यांना कळतं. पॉज तेव्हाही होता, मावशी. तो तुझाच आहे. मी टेप पुन्हा ऐकली. तपासण्यासाठी नाही.

तुमच्या नाट्यगृहाच्या सुताराकडून मी जुन्या रंगमंचाचा एक तुकडा आणला आहे. तो डबिंगच्या खोलीत टाकून खाली मोठा स्पीकर ठेवला आहे. त्यातून फक्त समोरच्या नटाची वाक्यं सोडते. आवाज माइकमध्ये शिरू नये म्हणून खाली रबर आणि गाद्या घातल्या आहेत. कानांत बोळे घालून मी अनवाणी उभी राहून पाहिलं. शब्द कळत नाहीत, पण वाक्य कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, ते तळव्यांना नेमकं कळतं. तुला तेवढंच लागतं. शब्द तर तुला त्याचेही पाठ आहेत.

कानाच्या डॉक्टरांबद्दल मी काही बोलणार नाही. पत्ता पाकिटाच्या मागे आहे. दिग्दर्शकाला सांगायचं की नाही, ते तू ठरव. माझं मत विचारशील तर, सांगून टाक. पाठांतर गेलं म्हणून नटीला घरी बसवतात. कान गेले तर फळ्या टाकता येतात.

शुक्रवारी सकाळी ये, ती मुलगी येण्याआधी. खोलीत आपण दोघीच असू. नाही आलीस, तर दुपारी तिचा आवाज मला तुझ्या ओठांवर बसवावा लागेल. मी तो इतका नीट बसवीन, की कोणालाही कळणार नाही. म्हणून म्हणते, ये.

चपला सांभाळायला दाराशी मी आहेच.

तुझी,
फूटपट्टी