हळद लावलेली शतावरी

प्रिय मोठी आई,

आज सकाळी माझ्या पीएच.डी.च्या मॅडमनी मला विषय सोडायला सांगितलं, आणि मला सगळ्यात आधी तुझ्याशी भांडावंसं वाटलं. तुला जाऊन दोन वर्षं झाली, तरी भांडायला मला अजून तूच लागतेस. म्हणून हे पत्र.

"तुझी बुरशी वाढून तर मस्त राहिली, पण काम काहीच करून नाही राहिली," मॅडम म्हणाल्या. "दुसरं झाड घे." खोटं नाही ते. तुझ्या शतावरीच्या मुळाच्या आत राहायची, तेव्हा ही बुरशी काहीतरी असं सोडायची की काचेच्या बशीतले जंतू तिच्या आसपास फिरकत नसत. इतकी वर्षं प्रयोगशाळेत आयतं खाऊन ती सुस्तावली. आता जंतू तिच्या अगदी अंगाला खेटून वाढतात!

तुला पहिली खेप आठवते? नरखेडच्या आपल्या संत्र्याच्या बागेच्या धुऱ्यावरची, बांधावरची, शतावरीची ओली मुळं, मातीसकट, एवढंच मी मागितलं होतं. तू काय केलंस? ती उकडलीस, सोललीस, हळद लावून तीन दिवस उन्हात वाळवलीस आणि स्वच्छ धुतलेल्या फडक्यात बांधून एसटीनं शहरात माझ्याकडे नंदनवनला घेऊन आलीस.

"बुरशी लागू नये म्हणून हळद लावली वं! मोठ्या कॉलेजात न्यायची होती ना? खराब निघाली तं लोक काय म्हणतीन?"

"मले बुरशीच पायजे होती, मोठी आई!"

तू पदर तोंडाला लावून इतकी हसलीस! "दुनिया बुरशी फेकते, अन् आमची पोर एसटीनं मागवून राहिली!"

मी नाही हसले. "तुले काही समजत नाही," म्हणाले. तू न जेवताच परत गेलीस. याची लाज मला आजही वाटते.

आठ दिवसांनी ओल्या पोत्यात माती लागलेली मुळं घेऊन तू पुन्हा दारात उभी! त्याच मुळांतून ही बुरशी मिळाली. विभागात मी सगळ्यांना नाचत सांगितलं, आणि तुला? तुला चार दिवसांनी फोन केला.

पण तूही काही कमी नव्हतीस हं! गावभर सांगत सुटलीस, "आमची पोर औषध काढून राहिली." बायका मला गाठून गुडघेदुखीवर पुडी मागायच्या. मी चिडायचे. औषध कुठलं? एका काचेच्या बशीत दिसलेली गोष्ट होती ती. तिथून माणसापर्यंतचा रस्ता केवढा लांब आहे, हे मी तुला कधी नीट सांगितलंच नाही.

मग तुझ्या पायाची जखम चिघळली. साखर वाढलेली, आणि एकामागून एक औषधं हरत गेली. वॉर्डात दुपारी तू माझा हात धरलास.

"तुही बुरशी लाव ना वं माह्या पायाले. तिले पाहून जंतू पळतेत म्हणे."

मी म्हणाले, "झोप आता."

काय सांगायला हवं होतं मी? की तिनं तुला उलट विषबाधाही झाली असती, की अजून एका उंदरावरसुद्धा ती कुणी तपासलेली नाही? खरं होतं सगळं. पण तू भाबडेपणानं नव्हतं विचारलंस. तू विश्वासानं विचारलं होतंस, आणि मी तोंड फिरवलं.

तर ऐक. मॅडमना मी नाही म्हणून आले. घरी येऊन गावी माझ्या चुलत दादाला फोन लावला. तुझा हा लेक मोसंबीच्या नव्या ओळीसाठी शतावरीचा तोच धुरा साफ करायला निघाला होता!

"काट्याची जाळी हाये ते. काहून ठेवू?" म्हणाला.

"मले ताजी मुळं लागतीन. तीच, त्याच मातीतली."

"किती दिवस?"

"माहीत नाही, दादा."

मग म्हणाला, "तिकडून ट्रॅक्टर नाही नेत. ये तू."

उद्या पहिल्या एसटीनं निघते. त्याच वेलांच्या मुळांचा रस बुरशीच्या खाण्यात घालून बघेन. जागी झाली तर उत्तम. नाही झाली, तर नव्या मुळांतून पुन्हा पहिल्यापासून शोधेन. उपाय चालेल याची खात्री नाही, पण हात टेकणाऱ्यातली मी नव्हे. घराण्याचाच गुण म्हण हवं तर.

आणि एक वचन देते. पुरं सिद्ध होईपर्यंत मी हिला औषध म्हणणार नाही, कुणी कितीही कौतुक केलं तरी. पण दुखणं घेऊन कुणी विचारलंच, "माझ्या कामी येईल का?" तर मी खाटेशेजारी स्टूल ओढून बसेन आणि "अजून नाही" हे दोन शब्द त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणेन.

तुझी भांडखोर,
प्राजू