उजव्या कुशीचा तपास

४ मार्च, सकाळी ७.१०
वस्तुस्थिती, क्रमाने. (१) उजवा खांदा नऊ आठवडे दुखतो. (२) उजवा खुबा सात आठवडे. (३) डाव्या बाजूची काही तक्रार नाही. (४) माझ्या राहणीत दोष नाही. (५) सबब, कारण बाह्य आहे. संशयित: गादी, ऑफिसची खुर्ची, बायकोने लावलेला पंखा.
मोजमापशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेल्या माणसाला स्वतःतली चूक शोधायला परक्याची गरज पडू नये. तरी मुलीने परगावाहून परस्पर कायरोप्रॅक्टरची, म्हणजे हाताने मणके-सांधे बसवणाऱ्यांची, अपॉइंटमेंट घेतली. म्हणाली, ‘बाबा, जाऊन तर या. निदान भांडायला.’ जाईन. भांडणार नाही. प्रश्न विचारीन.

५ मार्च
कायरोप्रॅक्टर बाई तिशीच्या. कोपऱ्यात पाठीच्या कण्याचं प्लॅस्टिकचं मॉडेल. खालून तिसरा मणका उलटा बसवलेला. निदर्शनास आणून दिलं. म्हणाल्या, ‘तीन वर्षांत हे बघणारे तुम्ही पहिलेच, सर.’ स्वाभाविक आहे.
फॉर्म भरला. प्रश्न सातवा: कोणत्या कुशीवर झोपता? उत्तर दिलं: दोन्ही, समप्रमाणात.
मग दोन वजनकाट्यांवर एकेक पाय ठेवून उभं केलं. डावा एकतीस किलो, उजवा बेचाळीस. बाई म्हणाल्या, शरीर एकीकडे कललंय. मी म्हणालो, काटे कललेत. कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट दाखवा. नव्हतं. नंतर टेबलावर पालथं झोपवलं. बाई खुब्यावर दाब देतात आणि टेबलाचा तेवढा भाग धाडकन खाली पडतो. यंत्र पडतं आणि त्याला उपचार म्हणतात! (घरी येईपर्यंत खुबा दुखला नाही. योगायोग.)

७ मार्च
लॅबमधून वीस किलोचं प्रमाणित वजन क्लिनिकवर नेलं. दोन जिने स्वतः उचललं. असली वस्तू मी कुणाच्या हाती देत नाही. डावा काटा: वीस. उजवा काटा: वीस. वजन खाली ठेवताना खांद्यात कट्ट असा आवाज. निष्कर्ष: काटे निर्दोष, खांदा तपासाधीन. रिसेप्शनिस्ट हसली. नोंद केली.

१० मार्च
तसेच दोन काटे घरी आणले. तुलनेसाठी बायकोला उभं केलं. एकोणतीस आणि एकोणतीस. पुन्हा केलं. तेच. ‘झालं समाधान? की मलाही टेबलावर आपटायचंय?’ असं म्हणून उतरली आणि दूध उतू जायच्या आत गॅसपाशी पोचली. समतोल ही काही बुद्धीची खूण नव्हे.

१२ मार्च
बाईंना सातव्या उत्तराबद्दल शंका. म्हणाल्या, घरी विचारा. विचारलं. बायको भाजी चिरत होती. सुरी थांबली नाही. म्हणाली, ‘अहो, सव्वीस वर्षं तुमची पाठच बघतेय मी. मानेवर तीळ आहे तुमच्या. माहीत तरी आहे का?’
पाहिलं. दोन आरसे लागले. तीळ आहे.
पलंगावर माझ्या डावीकडे ती, उजवीकडे भिंत. मी भिंतीकडे तोंड करून झोपतो. भिंत मधेच बोलत नाही.

१३ मार्च
बाईंचा आदेश: डाव्या कुशीवर झोपा. म्हणजे बायकोकडे तोंड करून. सहा मिनिटांत तोड काढली: जागांची अदलाबदल. ती भिंतीकडे, मी तिच्या जागी. आता डावी कूसही राखली जाते आणि एकांतही. आकृती काढून तिला समजावलं. तिने ती बराच वेळ पाहिली. ‘छान. खांदा सुटला. पाठ तेवढी माझ्याच वाट्याला.’ होकार समजलो.

१४ मार्च, सकाळी ६
अनपेक्षित. सवयीने उजव्या कुशीवर जाग आली. समोर भिंत नाही, बायको. जागी होती. ‘अगंबाई, पाहुणे कुठले म्हणायचे?’ म्हणाली आणि हसली. तिच्या डाव्या भुवईत पांढरे केस आहेत. तीन. केव्हा आले, याची माझ्याकडे नोंद नाही. चष्मा कुठे आहे ते विचारलं.
ही त्रुटी तातडीने दूर करणं भाग आहे.

१५ मार्च
पलंगाच्या मधोमध तीन उशा आणि एक लोड यांचा बांध घातला. उजवीकडे वळताच येऊ नये. दोरी लावून रेषेत घेतला. बायकोने बांधावरून वाकून पाहिलं, स्वतःची उशी काखेत मारली आणि मुलीच्या रिकाम्या खोलीत गेली. जाताना म्हणाली, ‘हद्द नीट मोजलीत ना? नाहीतर मागाहून तंटा नको.’
चार दिवसांत येईल.

२ एप्रिल
डावा काटा छत्तीस, उजवा सदतीस. खांदा शांत, खुबा शांत. बाई म्हणाल्या, ‘कमाल केलीत, सर! घरी सांगा आधी.’ घरी आलो. मुलीच्या खोलीच्या बंद दाराला सांगितलं. दार म्हणालं, ‘अभिनंदन.’

४ एप्रिल
दाराखालून पत्र सरकवलं: ‘उपचार पूर्ण झाल्याने पूर्वस्थिती लागू करावी.’ तासाभराने तेच पत्र परत. मागे तिचं अक्षर: ‘खाली हुद्दा आहे, नाव नाही. हे नवऱ्याकडून की विभागप्रमुखांकडून?’
मुलगी फोनवर म्हणाली, ‘बाबा, तोंडाने बोला ना. दोन पावलांवर तर आहे आई.’ तोंडी गोष्टींना पुरावा नसतो. शिवाय पावलं अकरा आहेत. दोनदा मोजली.

७ एप्रिल, सकाळी ५.४०
बांध काढला. उजव्या कुशीवर जाग आली. समोर मोकळी चादर, तिच्यापलीकडे भिंत. खांदा पुन्हा दुखतो. माझे दोन्ही काटे तिने नेलेत; एकावर कुंडी ठेवली आहे, असं कळतं. पलीकडे ती मुलीशी फोनवर हसत असते. माझं नाव निघाल्यासारखं वाटत नाही.
दुसरं पत्र तयार केलं. हे माफीपत्र नव्हे. या वेळी खाली नुसतं नाव घातलं. स्थळप्रत:
‘विषय: पलंगाची भिंतीकडची बाजू रिकामी असण्याबाबत. सातव्या प्रश्नाचं माझं उत्तर चुकीचं होतं. भुवईतले पांढरे केस तीन होते. आता किती, हे इथून मोजता येत नाही. बांध हटवला आहे. कोणत्या कुशीवर झोपावं, हे यापुढे तू ठरवावंस. परत येणार किंवा कसं, याचं उत्तर लेखी द्यावं. येणार / नाही. नको असेल ते खोडावं.’