चौथ्या माणसाचं पाणी

उणकल, हुबळी
९ फेब्रुवारी २०२५

चि. वेदश्री हिस आत्याचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

बेंगळूरला जाऊन तुला महिना झाला. फोन केला की तू जिने तरी चढत असतेस, नाहीतर जेवत तरी असतेस. निम्मं मला ऐकू येत नाही, उरलेलं तू गाळतेस. म्हणून पत्र. आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टर दर शनिवारी घरी पत्र लिहायला बसवत, शाई सांडली तर पहिल्यापासून. तुला तेवढा छळ नाही, पण महिन्याला एक तरी लिही.

तुझी आई लीलावहिनी सांगत होती, तुला खोली मिळालेली नाही, खाट मिळाली आहे. तीन खाटा, खिडकी भिंतीकडे उघडणारी, आणि भाड्यात अर्धा पगार. तेवढ्या भाड्यात मी उणकलला अख्खा वरचा मजला देते. नवीन माणूस गावात उतरला की त्याच्या तोंडाकडे बघून भाव ठरवतात हे लोक. गप्प बसू नकोस.

माझे वरचे भाडेकरू बरे आहेत. संतोष अळणावरकडचा, फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशचं काम करतो. त्याची बायको सुनिता लॅमिंग्टन रोडवरच्या खानावळीत भाकऱ्या करते. एक मुलगी, इथल्या शाळेत चौथीला. दिवाळीत राहायला आले, तेव्हापासून कटकट नव्हती. मग संतोषची आई तानूबाई येऊ लागली. तिची किडनी निकामी झाली आहे, मंगळवारी आणि शुक्रवारी इथल्या इस्पितळात डायलिसिस. करून आली की वर दोन-दोन दिवस मुक्काम. आमच्या गल्लीत नळ आठवड्यातून एकदा, बाकी टँकर. मी संतोषला सरळ सांगितलं, करार तीन माणसांचा आहे, चौथं राहिलं तर पाण्याचे दिवसाला पन्नास. त्यानं मान डोलावली. आता म्हातारी यायची थांबली आहे. स्पष्ट बोललं की माणसांना समजतं. तूही तुझ्या मालकिणीशी असंच बोल.

जेवणाची आबाळ करू नकोस. लोभ आहेच, तो पत्र लिहून वाढव.

तुझी,
अंबूआत्या

---

बेंगळूर
२ मार्च २०२५

ती. आत्यास वेदश्रीचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण मी आजारी होते. टायफॉइड. आता बरी आहे, तेव्हा आधी चष्मा काढून ठेव आणि पाणी पी, मग पुढचं वाच.

ताप उतरेना म्हणून आई आली. मालकिणीनं एक रात्र राहू दिलं. दुसऱ्या दिवशी सांगितलं, पाहुण्याचे रोजचे सातशे, आणि आंघोळीचं पाणी त्यात धरलेलं नाही. आई तीन रात्री माझ्या खाटेच्या काठावर झोपली. चौथ्या दिवशी म्हणाली, बँकेत काम निघालंय, मी धारवाडला जाते. आईचं बँकेत काय काम असणार? माझ्या पगारातलं काय उरेल याचा हिशेब करून ती गेली. त्या दिवशी मला एकशेदोन ताप होता.

आईला रागावू नकोस. पातळ मुगाचं वरण आणि तुझं लिंबाचं लोणचं यांवर उभी राहिले. या इमारतीत वेगळे पैसे न लागणारी वस्तू म्हणजे तुझं लोणचं, एवढीच.

माझी काळजी कर, पण बेतानं.

तुझी,
वेदश्री

---

उणकल
१० मार्च २०२५

चि. वेदश्रीस आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तापानं फणफणलेल्या मुलीच्या उशाशी आई बसली आहे, आणि ही बाई तिच्या आंघोळीच्या बादल्या मोजते! हिला घरी आई होती की नाही? नियम काय, दारावर लावायला कुणीही लावतो. माणूस आजारी पडलं की नियम बाजूला ठेवायचे असतात, एवढं ज्याला कळत नाही त्यानं घर भाड्यानं देऊ नये, गोदाम द्यावं.

तिचं नाव आणि पत्ता उलट टपाली कळव. चौतीस वर्षं मी इंग्रजी शिकवलं. असं पत्र लिहीन की तिला ते वाचायला शेजारी डिक्शनरी घेऊन बसावं लागेल.

प्रकृतीला जप. उत्तराची वाट पाहते आहे.

तुझी,
अंबूआत्या

---

बेंगळूर
१८ मार्च २०२५

ती. आत्यास सा. न. वि. वि.

पत्ता पाठवत नाही. घाबरून नाही.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मग फेब्रुवारीतलं काढून वाचलं. पत्रं जपून ठेवायची सवयही तूच लावलीस. माझी मालकीणही आईशी उद्धट बोलली नव्हती. नियम स्पष्ट आहे, टँकर महाग आहे, एवढंच शांतपणे म्हणाली. आणि आईनं मान डोलावली. मालकिणीलाही वाटलं असेल, स्पष्ट बोललं की माणसांना समजतं.

तानूबाई आता मंगळवारी आणि शुक्रवारी कुठे राहते, आत्या? डायलिसिसनंतर माणसाला उभंसुद्धा राहवत नाही म्हणतात.

रागावशील हे ठाऊक आहे. रागावलीस तरी लिही.

तुझीच,
वेदश्री

---

उणकल
२५ मार्च २०२५

चि. वेदश्रीस,

पगाराबरोबर शहाणपणही मिळायला लागलं वाटतं तुला.

मी सुनिताला विचारलं. सासू जुन्या हुबळीत तिच्या नणंदेकडे उतरते म्हणाली. तेव्हा तो विषय संपला. पेन्शनवर जगणारी एकटी बाई आणि चाळीस खाटा मांडून बसलेली व्यापारीण यांत फरक असतो. तो दिसत नसेल तर डोळे तपासून घे.

लोभाचं पुढच्या पत्रात पाहू.

अंबूआत्या

---

उणकल
१३ एप्रिल २०२५

चि. वेदश्री,

आधी बातमी, आशीर्वाद शेवटी.

डोळे मीच तपासायला गेले होते. मंगळवारी, इस्पितळात. बाजूच्या व्हरांड्यात जमिनीवर वर्तमानपत्र अंथरून तानूबाई पडली होती. हाताला पट्टी, तोंड सुजलेलं. मला पाहिलं आणि भिंतीला धरून उठायला लागली. मला वाटलं नमस्कार करते आहे. ती म्हणाली, "अक्का, मी घराकडं नाही हो येत. हितनंच गाडीला जाणार. पोरास्नी काय बोलू नका."

हुबळीत तिला नणंद नाही. कधीच नव्हती. फेब्रुवारीपासून दर खेपेला ती तिथंच पडून असते, संध्याकाळच्या गाडीपर्यंत. चक्कर थांबली नाही की गाडी चुकते, मग रात्र स्टेशनवर. सुनिता खानावळीतून मधल्या सुटीत भाकरी आणून देते. तिथल्या आयाला ठाऊक होतं, चहावाल्याला ठाऊक होतं. चालून गाडी गाठवत नाही म्हणून दोन खेपा तिनं डायलिसिस चुकवलं, त्याची ती सूज. नर्सनं मला, मी घरचीच आहे असं समजून, झापलं. असंच चाललं तर बाई पावसाळा काढणार नाही, म्हणाली. पाणीही बेतानं द्या, दिवसाला दोन-तीन पेले, त्याहून जास्त नाही. मी हो म्हणाले. वेदश्री, ज्या बाईला दोन-तीन पेल्यांहून जास्त पाणी चालत नाही, तिच्या पाण्याचे मी पन्नास रुपये लावले होते.

मी रिक्षा आणली. ती चढेना. संतोषला विचारल्याशिवाय नको, नातीची शाळा आहे, घर जाईल, एवढंच पुन्हा पुन्हा. मग मी तिच्यावर ओरडले. मला तेवढीच भाषा येते. ती आणखी घाबरली आणि लंगडत स्टेशनाकडे निघाली. मी मागून रिक्षा घेऊन गेले, गाडी येईपर्यंत तिच्याजवळ बसले.

संध्याकाळी वर गेले. संतोष स्वतःच्याच दारात उभा राहिला, शाळेत मुलं माझ्यापुढे राहत तसा. मी म्हटलं, आईला इथंच आण, पैसे नाहीत, दिवसांची मोजदाद नाही. त्यानं मान डोलावली. तुझं पत्र आठवलं. मी खाली आले नाही. जिन्याच्या पायरीवर बसले, म्हटलं बोल. मग तो बोलला. मेपासून गावाबाहेर पत्र्याची खोली बघून ठेवली आहे. नळ नाही, शाळा लांब, पण मालक तिथं राहत नाही. आई आली-गेली कुणी बघणार नाही. अक्का, तुम्ही वाईट नाही, तो म्हणाला, पण जिन्यावर तुमची चाहूल लागली की आम्ही नळ बंद करतो.

चौतीस वर्षं वर्गात माझ्या पावलांनी शांतता पसरायची, त्याचा मला अभिमान होता.

शुक्रवारी तानूबाई आली. संतोषनं कसंबसं समजावलं असेल. सुनिता तिला धरून आणत होती. सुई टोचतात त्या हातानं वजन उचलायचं नाही म्हणून तानूबाईच्या दुसऱ्या हातात पाच लिटरचा कॅन. गावाकडून गाडीतून, इस्पितळातून, तसाच आणलेला. सुनिताला घेऊ दिला नाही म्हणे. फाटकाशी मला पाहून तिनं तो पुढे केला. विहिरीचं आहे, म्हणाली. तिचं दोन दिवसांचं भागेल, माझ्या टाकीला हात लावायला नको.

मी घेतला. ती वर जाऊन झोपली, शनिवारी दुपारपर्यंत उठली नाही. मी जिना अनवाणी चढून एकदा दारावरून पाहून आले.

मेमध्ये जाणार की राहणार, हे संतोषनं अजून सांगितलेलं नाही. मी विचारत नाही. परवा मंगळवारी ती पुन्हा येणार आहे. रिक्षा घेऊन मी इस्पितळात जाईन. चढली तर चढली.

लीलावहिनीला घेऊन तूही रजेत ये. हवे तितके दिवस राहा. अनेक आशीर्वाद. लोभ मागायचा मान मोठ्यांचा नसतो, तरी या खेपेला मी मागते आहे.

तुझी,
अंबूआत्या