तुझ्यासाठी झाडलेलं घर

प्रिय धाकट्या,

आई बरी आहे असं लिहून पत्र सुरू करायची सवय, पण ती बरी नाही. खोकला हटत नाही. न्हाणीघराची फरशी उखडून अकरा आठवडे झाले. जुने पाइप गेले, नवे अजून यायचेत. पाणी तळमजल्याच्या नळावरून, तीन जिने चढून आणायचं. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या जागी प्लॅस्टिक फडफडतं. सिमेंटची धूळ इतकी, की नर्सबाईंचे पांढरे गणवेश शिवायला घेणं मी बंद केलं, म्हणजे निम्मं शिलाईकाम गेलं. मालक म्हणतात, दुरुस्ती तुमच्याच भल्यासाठी आहे. असेलही. पण भलं होईपर्यंत माणसाने श्वास कुठे घ्यायचा? म्हणून भाडेकरूंच्या तक्रारी ऐकणाऱ्या कचेरीत अर्ज केला, की काम संपेपर्यंत भाडं माफ करा, नाहीतर आईपुरती एक कोरडी खोली द्या. भीक मागितली नव्हती रे.

आणि त्याच आठवड्यात तू येतोयस असा निरोप आला. दोन वर्षांनी! मी कंबर कसली. चौदा बादल्या वर आणल्या, फरशी तीनदा पुसली, प्लॅस्टिकवर माझा निळा पडदा टांगला. न्हाणीघराच्या दारापुढे कपाट सरकवलं. आईने तर कहर केला. तू यायच्या आधीच खोकल्याचं औषध मागून घेतलं, म्हणे पोरासमोर ढास लागायला नको. आपल्या घरची खोडच ही. बाबा गेले त्या आठवड्यातही पाहुण्यांपुढे आपण कान न फुटलेलेच कप ठेवत होतो, आणि ते शोधून काढायचं काम तुझ्याकडे होतं.

तू आलास, चहा प्यायलास. हात धुवायला मी मगाने पाणी घातलं, तेव्हा नळ का नाही हे तू विचारलं नाहीस. कपाटाकडे बघत मात्र थांबलास. मीच हसून म्हटलं, मागे न्हाणीघर आहे, दाखवायची लाज वाटते. तूही हसलास. मग आठवण म्हणून फोटो काढलेस. आई तेव्हापासून रोज विचारते, तो माझा फोटो पाठवला का त्याने?

फोटो आला. काल, मालकांच्या उत्तरासोबत, पाहणीच्या अहवालात. माझा निळा पडदा, पुसलेली फरशी, हसणारी आई. खाली लिहिलंय, घर राहण्यायोग्य, भाडेकरू समाधानी, भरपाईचं कारण नाही. आणि सही. ती सही मी ओळखणार नाही? माझ्याच वहीच्या मागच्या पानांवर गिरवून शिकलास ती. तू इमारतींची पाहणी करतोस हे मला ठाऊक होतं. आमच्याच मालकांसाठी करतोस, हे सांगायला जीभ रेटली नाही तुझी? परक्याने केलं असतं तर मी चार शिव्या घालून मोकळी झाले असते. तू केसाने गळा कापलास, धाकट्या, आणि सुरीला धार मीच लावून दिली, घर झाडून. कालपासून मला तुझाच काय, स्वतःचाही संताप येतोय.

हे पत्र भांडायला लिहिलेलं नाही. गुरुवारी सकाळी सुनावणी आहे. त्याआधी ये, निरोप न देता ये. कपाट मी बाजूला सारलंय, पडदा काढलाय, आईला औषध तिच्या वेळेलाच देते. चपला काढू नकोस, पायाला खडी टोचेल. पुन्हा फोटो काढ आणि खाली तीच सही कर. नाही आलास, तर पाहणी करणारा माझा सख्खा भाऊ आहे, हे मला तिथे उभं राहून सांगावं लागेल. त्याने तुझी नोकरी जाईल, हे मला कळतं. पण आईला धुळीत एकटं ठेवता येत नाही, तीही माझ्या शेजारीच बसलेली असेल. तिचा फोटो तू कशासाठी काढलास, ते तिला तिथेच कळेल.

अजून तरी तुझीच,
ताई