टाचणीवरचे भुंगे

१० जुलै, गुरु.
आषाढी पौर्णिमा. वर्षावास सुरू. आता तीन महिने रोज संध्याकाळी बुद्धविहारात धम्मग्रंथ वाचायचा, दरसालसारखा मीच. दुपारी वाचनालय झाडलं अन् भुंग्यांची पेटी घरून आणून धम्माच्या पुस्तकांशेजारी काचेमागं मांडली. आमच्या किन्हीराजा गावच्या शिवारात मी धरलेले भुंगे, टाचणीवर, खाली नावं. लोकांनी पाहावं म्हणून. शोभा म्हणे, "घरीच ठेवा नं. कायले दाखवता?" बायकोचं ऐकलं तर मी कसला ग्रंथपाल!

१२, शनि.
झालं. विहार समितीचे अध्यक्ष वसंतराव वाचनालयात पेपर वाचाले आले, पेटी पाहून तसेच परतले. संध्याकाळी मी आसनावर बसणार, तर ते सगळ्यांसमोर म्हणे, "सकाळी मुक्या जिवाले टाचणी टोचता, अन् संध्याकाळी आमाले पहिलं शील देता? प्राणिहत्या करू नका म्हणून?"
म्हटलं, "तुमी सोयाबीनवर फवारता, त्यात काय मरते?"
"ते पोटासाठी. तुमचं कायसाठी?"
पाहासाठी, असं म्हणायचं होतं. पण बायका हसल्या अन् मी चप्पल घालून घरी.

१३, रवि.
वसंतराव स्वतःच वाचून राह्यले. भोंग्यावर घरापर्यंत ऐकू येते. दर ओळीले ठेच. ज्यांची लग्नं मी बौद्धाचार्य म्हणून लावली, लेकरांची नावं ठेवली, ते सारे माना डोलावत बसले असतील. शोभा पांढरं लुगडं नेसून गेली. येऊन म्हणे, "चांगलं वाचलं." मले चिडवाले मुद्दाम म्हणाली. जेवलो नाही.

१६, बुध.
वसंतरावाचा निरोप. पेटी आणा, सगळ्यांसमोर मातीत पुरा, मग आसन तुमचंच.
पुरत नाही, जा! शेणकिडा यांचं वावर भुसभुशीत करते, त्याचं नाव एकालेही ठाऊक नाही. अडाणी कुठले.
पण आसनाशिवाय संध्याकाळ खायले उठते. हे कोणाले सांगू?

२०, रवि.
दिवे लागताना ओट्यावर भुंगा. हिरवा, कपाळावर शिंग. इतक्या वर्षांत असा नाही पाहिला. बरणीत घेतला, जिता हाये. कापसावर मारायचं औषध टाकून झाकण लावलं की...
तेवढ्यात शोभा धावत आली. "वसंतरावाचा घसा बसला. तुमालेच बोलावलं. पेटीचं मंग पाहू, म्हणे ते. चला लवकर, लोक बसून हायेत."
म्हटलं, तू हो पुढं, आलोच.
गेली नाही. मी हे लिहून राह्यलो, अन् ती दारात उभी, बरणीजवळच्या कापसाकडं पाहून राह्यली.