पारेनचा देह, माझी सीट

२२ ऑगस्ट

शी! हाताचा वास जात नाही. लिंबू चोळलं, साबण लावला, राख लावली. तरी आहेच.

मम्मीकडे टेकडीवरच्या मेडिकल कॉलेजातल्या पोरांचे पांढरे कोट धुवायला येतात. आज एकदम तीस आले. सगळ्यांना तो मेलेली माणसं टिकवायच्या औषधाचा वास. एकाच्या खिशात वापरलेला ग्लोव्ह, आणि त्यात चघळलेलं च्युइंगगम! अमेरिकेहून डॉक्टर व्हायला येतात आणि स्वतःचे खिसे रिकामे करता येत नाहीत. मम्मी म्हणाली, “नाक काय मुरडतेस? डॉक्टर व्हायचंय ना? मग घाणीशी सोयरीक कर आत्तापासून.”

आणि हो — रिझल्ट लागला! बायोलॉजी पहिली ग्रेड, केमिस्ट्री पहिली, मॅथ्स दुसरी. (मॅथ्स मेलं.) मम्मीने मिनीबसच्या ड्रायव्हरला सांगितलं, म्हणजे दक्षिणेकडच्या सगळ्या गावांना कळलं. पलीकडची मिस यूफेमिया आत्ताच कुंपणावरून ओरडून गेली — “डॉक्टर शेर्नेल, माझा गुडघा बघ गं!”

मी डॉक्टर होणार. लिहूनच ठेवते. होणार!

२४ ऑगस्ट

रस्ते तीन. क्यूबाची सरकारी स्कॉलरशिप — सगळं फुकट, पण यंदा अख्ख्या बेटाला दोनच जागा. त्रिनिदादचं विद्यापीठ — बँकेने कर्ज दिलं तर. आणि टेकडी. टेकडी आमच्या मागच्या दारातून दिसते. तिथे शिकायचं तर आमचं घर दहा वेळा विकावं लागेल.

तिन्हीकडे अर्ज टाकलेत.

२९ ऑगस्ट

टेकडीवर गावकऱ्यांसाठी ओपन डे होता. मम्मीचा चर्चचा ड्रेस घालून गेले.

हृदय हातात धरलं! माणसाचं! मला वाटलं होतं लाल असेल. करडं होतं, भाजलेल्या ब्रेडफ्रूटच्या गरासारखं, आणि जड. झडपा म्हणजे ओल्या कागदाच्या घड्या. मला खाली ठेववेना. मी इतके प्रश्न विचारले की मागचा पोरगा म्हणाला, “बाई, आम्हालाही बघू दे, तुझं एकटीचं आहे का ते?”

मग त्यांचे लोकसंपर्कवाले मिस्टर हॉलोवे आले. गुलाबी माणूस, ज्याच्या-त्याच्या खांद्यावर हात ठेवतो. “तुझ्यासारख्या मुलीच आम्हाला हव्यात!” माझा अर्ज त्यांना माहीत होता. सीट देतो म्हणाले. मी उडालेच! मग फी सांगितली. बेटावरच्या मुलांना खास सवलत — दहा टक्के. दहा! आणि एक पेन दिलं, कॉलेजचं नाव घातलेलं. तेवढं मात्र फुकट.

संध्याकाळी पारेन जेवायला आला, रोजच्यासारखा. पारेन म्हणजे माझा धर्मबाप, मला बाप्तिस्म्याला यानेच हातात धरलं होतं. बाप मार्टिनिकला गेला तो गेलाच. मग बूट, चष्मा, पुस्तकं — सगळं पारेनच्या मासेमारीच्या जाळ्यातून आलं. मी त्याला सांगितलं, “त्यांची प्रेतंसुद्धा फ्लोरिडाहून बोटीने येतात, पारेन! आपल्यातल्या माणसाला तिथे जिवंतपणी प्रवेश नाही आणि मेल्यावरही नाही.”

तो खूप हसला. मग हसायचा थांबला आणि बराच वेळ माशाचा काटा चोखत बसला.

२ सप्टेंबर

पारेन टेकडीवर गेला होता! आणि हे मला मिनीबसमध्ये दुसऱ्यांच्या तोंडून कळावं! स्वतःच्या मयतीसाठी जपून ठेवलेला काळा सूट घालून गेला. टोपीसकट.

घरी आले तर हा अंगणात मासे साफ करत बसलेला.

“कशाला गेला होतास?”

“भाव करायला.”

“कसला?”

“माझा.”

मिस्टर हॉलोवेंना म्हणाला म्हणे — फ्लोरिडाहून एक मेलेला माणूस आणायला भाडं किती पडतं? मग म्हणाला, मी इथेच आहे, भाडं शून्य. सहा फूट दोन इंच. पोटावर चरबी नाही. दात सोडले तर आतलं-बाहेरचं सगळं शाबूत. मेलो की घेऊन जा, चिरा, बरणीत भरा. बदल्यात माझ्या पोरीला डॉक्टर करा.

धक्क्यावर टूना विकताना बोलतो ना, तसं! स्वतःलाच फळीवर टाकून!

मम्मीने भांडं आपटलं. “बाप्तिस्म्याला धरलंस ना तिला? तेव्हा पाद्रीबाबांनी सांगितलं होतं का, मेल्यावर तुकडे करून विकला जा म्हणून?”

“विकत नाहीये. अदलाबदल आहे.”

“आणि मयत-मंडळाची वर्गणी भरलीस ती आयुष्यभर? ती शवपेटी, तो बँड? आणि तुझी रेडिओवरची बातमी?”

तेव्हा मात्र त्याने सुरी खाली ठेवली. रेडिओवर मयतीच्या बातम्या लागल्या की पारेन कुणाला बोलू देत नाही. कुणाची किती लांब झाली, कुणाची टोपणनावं किती, नातवंडं कुठल्या-कुठल्या देशात — सगळं मापतो. स्वतःची त्याने माझ्याकडून कधीच लिहून घेतलीय, टोपणनावं सगळी घालून.

“बातमी देतीलच की,” म्हणाला शेवटी. “फक्त चर्चच्या नावाच्या जागी टेकडीचं नाव घ्यायचं.”

मला हसू आलं. आणि मी उठून आत गेले.

३ सप्टेंबर

त्याच्याशी बोलले नाही. त्याने दारात दोन लाल मासे ठेवले होते. मम्मीने तळले. मी खाल्ले नाहीत. (एक खाल्ला.)

९ सप्टेंबर

मला वाटलं होतं वर बसून हसले असतील आणि विसरले असतील. कसलं काय! मिस्टर हॉलोवेंचा फोन. “आम्ही सगळे भारावून गेलोय, शेर्नेल! गावाने कॉलेजला दिलेली ही पहिलीच अशी भेट!” त्यांना फोटो पाहिजे. पारेन होडीत बसलेला, मासेमारीची टोपी घालून — काळ्या सुटात नको, तो ‘नैसर्गिक’ वाटत नाही. आणि बाजूला मी, पांढऱ्या कोटात.

कोट कुठून आणू, विचारलं. म्हणाले, तुझ्या आईकडे असतीलच ना!

किळस आली. फोनचीसुद्धा. पण मी — खरं लिहिते — मी फोन ठेवला नाही. विचारलं, “म्हणजे माझी फी?”

“कमिटीपुढे ठेवलंय,” म्हणाले.

१६ सप्टेंबर

ईमेल आला. कमिटीने मंजूर केलं. पूर्ण फी माफ. पूर्ण! मी किंचाळले, मम्मी धावत आली, चुलीवर कोकोचा चहा उतू गेला.

मग पुढचं वाक्य वाचलं. ज्या सत्रात देणगी प्रत्यक्ष कॉलेजच्या ताब्यात येईल, त्या सत्रापासून माफी लागू. तोपर्यंत माझी सीट राखून ठेवू. पुढच्या सप्टेंबरपर्यंत. त्यानंतर विचार करावा लागेल. ‘स्नेहपूर्वक’.

स्नेहपूर्वक!

परत-परत वाचलं. वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. मम्मीला वाचून दाखवलं. तिने नुसती क्रूसाची खूण केली आणि कोट धुवायला गेली. इतके आपटले कोट की दोन बटणं उडाली.

संध्याकाळी पारेनला सांगितलं. वाटलं चिडेल. तो हसत सुटला, टेबल हलेपर्यंत.

“म्हणजे उधारी नाही! मासा हातात पडल्याशिवाय पैसा नाही! बरोबर आहे त्यांचं, मीपण तसंच करतो.”

“पारेन, पुरे.”

“आणि कधीपर्यंत थांबतील म्हणालीस?”

मी ओरडले. काय-काय बोलले आठवत नाही. मूर्ख म्हणाले त्याला. म्हातारा म्हणाले. “तुला काय, लवकर मरायचंय का माझ्यासाठी?”

“नाही गं पोरी,” म्हणाला. “माझ्या बापाने नव्वद गाठली होती. पंचाईत तीच आहे.”

१७ सप्टेंबर

नाही म्हणून कळवायचं. ठरलं. ईमेल लिहिला, चांगला कडक. ‘तुमच्या कमिटीला लाज वाटली पाहिजे’ असं घातलंय. मम्मी म्हणाली, “पाठव.”

नेट नाही. उद्या.

२० सप्टेंबर

नेट आलं. पण ‘लाज’ काढावं की ठेवावं ते ठरेना. उद्धट वाटेल का? परत नीट लिहीन.

२७ सप्टेंबर

क्यूबा — नाही. दोन्ही जागा गेल्या. एक कॅस्ट्रीजच्या मुलाला, एक डेनरीच्या मुलीला. मी तिसरी. तिसरी! त्या मुलीला ओळखते, सायन्सच्या कॅम्पला होती. खरंच हुशार आहे. त्याचाच जास्त राग येतो. निदान कुणा मंत्र्याची भाची तरी असायची, शिव्या देता आल्या असत्या.

स्कॉलरशिपच्या ऑफिसात खिडकीतल्या बाई म्हणाल्या, “पुढच्या वर्षी परत कर हं अर्ज, बाळा.” पुढच्या वर्षी जागा असतील का? “ते नाही सांगता येत.”

येताना बसमध्ये शेजारच्याने तळलेली कोंबडी खाल्ली आणि बोटं सीटला पुसली. सगळ्या जगाचीच घाण येते आजकाल.

४ ऑक्टोबर

बँक. मम्मी मोत्यांचे कानातले घालून आली होती. टाय घातलेला पोरगा म्हणाला, “तारण काय?” मम्मी म्हणाली, घर आणि जमीन. “कुणाच्या नावावर?”

आता आली पंचाईत! जमीन सगळ्या भावकीची, पणजोबापासूनची. लंडनमध्ये हिस्सेदार, सेंट क्रॉईमध्ये, कोण-कोण कुठे मेलेलं. सगळ्यांच्या सह्या पाहिजेत. मम्मी म्हणाली, “अरे बाबा, त्यातले निम्मे मला लग्नाला बोलावत नाहीत, सही कुठली देतात?”

पोरगा हसला. चांगले दात होते. म्हणजे त्रिनिदादपण संपलं.

बाहेर आल्यावर मम्मीने कानातले काढून पर्समध्ये टाकले. “नर्सिंगचं बघ,” म्हणाली. “नर्सपण पांढरंच घालते.”

 माझ्या हातात ते हृदय होतं, त्याचं वजन अजून आहे हातात. हे कुणाला सांगू? कोण समजेल?

११ ऑक्टोबर

गावाला चघळायला विषय मिळालाय. पारेन दुकानाकडे चालला होता, मी मागून येत होते. रमच्या दुकानातून केंडल ओरडला, “ती बघा, शेर्नेलची फी चालली!”

सगळे फिदीफिदी. दुसरा म्हणतो, “पारेन, समुद्रात खोल जाऊ नकोस रे, फुगलास तर सवलत कमी होईल!”

पारेनने टोपी काढून वाकून नमस्कार केला. “रांगेत राहा, पोरांनो. तुमची लिव्हर बघून टेकडीवाले दारातूनच परत पाठवतील!”

हसून-हसून लोळले सगळे. त्याला एक ग्लास फुकट पाजला. रानटी! माणूस जिवंत समोर उभा आहे आणि यांना मजा वाटते. हे लोक, ती टेकडी, ती कमिटी — एकाच माळेचे मणी. मी तिथूनच मागे वळले.

पारेन मागून हाक मारत होता. “अगं थांब, डॉक्टरीणबाई! मस्करी चाललीय!”

१२ ऑक्टोबर

ईमेल अजून पाठवला नाही. का नाही, ते लिहायचं नाही.

१९ ऑक्टोबर

पारेनला कालपासून खोकला. आलं आणि तमालपत्र घालून चहा नेला. पाठीला कान लावून ऐकलं, आधी डावीकडे, मग उजवीकडे, पुस्तकात दाखवलंय तसं. विचारलं, “छातीत दुखतं का?”

“छे गं. गार वारा लागला. शुक्रवारी होडी काढतो की नाही बघ.”

आणि माझा — क्षणभर, अगदी क्षणभर — हिरमोड झाला.